घरातल्या कार्यक्रमांचे फोटो दाणेदार येतात. फुल फ्रेम कॅमेरा घेऊ का, आणि शिकायचं तर सगळं मॅन्युअल मोडवरच शिकावं लागतं का?

नाही, आणि नाही. दुसऱ्या 'नाही'ला थोडी सूट आहे, ती खाली देतो.

तुम्ही लिहिलंय की सध्या एपीएस-सी बॉडी आहे (तिचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, फुल फ्रेमपेक्षा लहान), सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आहे, संध्याकाळी घरात फोटो काढले की दाणे दिसतात, आणि जाणकार मंडळी 'फुल फ्रेम घे, मॅन्युअल शीक' म्हणतात. प्रत्येक नवशिक्याला हाच सल्ला मिळतो आणि देणारे हिशेब कधी करत नाहीत. म्हणून आधी हिशेब.

माणसं बोलताहेत, हसताहेत, हात हलवताहेत, म्हणजे शटर १/१२५ सेकंदाच्या फारसं खाली नेता येत नाही. किट लेन्स ५५ ला झूम केली की अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (हे लेन्सचं छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं). घरातल्या दिव्यांच्या साधारण उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० च्या आसपास जातो. दाणे तिथून येतात. आता तीच बॉडी ठेवा आणि एफ १.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, लावा. ५.६ पासून १.८ पर्यंत तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि वर एक तृतीयांश, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. ६४०० चा आयएसओ ६४० वर येतो. बॉडी तीच, खोली तीच.

फुल फ्रेमने काय मिळतं? सेन्सर ३६ × २४ मिमी, तुमचा साधारण २३.५ × १५.६ (कॅननचा थोडा लहान, २२.३ × १४.९). क्षेत्रफळ सुमारे २.३५ पट, म्हणजे सव्वा स्टॉप. बस, एवढंच. फुल फ्रेमसोबत एफ ४ ची झूम घेतली तर त्याच खोलीत आयएसओ ३२००, आणि सेन्सरचा फायदा धरून दाणे तुमच्या बॉडीवरच्या साधारण १४०० इतके. तुमची प्राइम ६४० वर आहे! त्यातून काही फुल फ्रेम किट झूम लांब टोकाला एफ ७.१ पर्यंत मिटतात. ती लेन्स लावली तर आयएसओ १०,००० च्या घरात जातो, सव्वा स्टॉपमधला पाऊण स्टॉप लेन्सच खाऊन टाकते, आणि एवढा खर्च करून हातात उरतो अर्धा स्टॉप.

म्हणून क्रम असा: आधी जास्त उघडणारी लेन्स, मग फ्लॅश, बॉडी सगळ्यात शेवटी.

कोणती प्राइम, याचं उत्तर तुमच्याच जुन्या फोटोंत आहे. घरात काढलेले आवडते पन्नास फोटो उघडा आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) बघा. बहुतेक ३०-४० च्या आसपास असतील तर ३५ घ्या. एपीएस-सी वर ती फुल फ्रेमवरच्या साधारण ५२ सारखी दिसते. '५० एफ १.८ डोळे मिटून घे' हा सल्लाही असाच फिरत असतो. एपीएस-सी वर ५० ची ७५ होते (कॅननवर ८०), आणि लहान खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी चौथा माणूस फ्रेमबाहेर राहतो. एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटला ती उत्तम, घरातल्या कार्यक्रमाला नाही.

निकॉनवाल्यांनी एक सापळा लक्षात ठेवावा. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर ऑटोफोकस करत नाहीत. लेन्सवर 'एएफ-एस' (मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं बघूनच घ्या.

सेकंडहँड घेताना लेन्समधून टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, फुकट दिली तरी नको. बॉडी घेत असाल तर पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळपट ठिपक्यांसारखी दिसेल. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० बिंदू, आणि इंचाला ३०० बिंदूंच्या घनतेने ती २० × १३ इंचांची प्रिंट होते. तेवढी मोठी प्रिंट शेवटची कधी काढली होती, ते आठवून बघा.

आता मॅन्युअल मोड. इथे माझं डोकं जरा जास्त फिरतं.

एम वर डायल ठेवून, व्ह्यूफाइंडरमधला काटा शून्यावर येईपर्यंत चाक फिरवणं म्हणजे मॅन्युअल एक्स्पोजर नव्हे. किती उजेड हवा हे तिथेही मीटरनेच, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडमापकानेच, ठरवलं, तुम्ही फक्त त्याची हमाली केली. एम वर ऑटो आयएसओ चालू असेल तर तीही हमाली नाही. शिकायची गोष्ट ही की मीटर कुठे फसतं. मीटरला समोरचं दृश्य सरासरी करड्या छटेचं आहे असंच वाटत असतं. म्हणून पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यातला माणूस मळका येतो, आणि काळा कोट फ्रेमभर असेल तर तो धुरकट करडा होऊन चेहरा उडतो. पहिल्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मतापेक्षा फोटो किती स्टॉप उजळ किंवा गडद हवा ते) +१ ते +१.७, दुसऱ्या वेळी −१. एक पांढरी चादर, एक काळं कापड घ्या, प्रत्येकी −२ पासून +२ पर्यंत एकेक स्टॉपने फोटो काढा आणि हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती, याचा आलेख) बघा. तासाभरात जे कळेल ते महिनाभर काटा जुळवून कळत नाही.

रोजच्या कामाला अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी ठेवा (छिद्र तुम्ही निवडायचं, शटर कॅमेरा ठरवतो). ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४००, किमान शटर १/१२५, आणि अंगठा कॉम्पेन्सेशनच्या चाकावर. मुलं धावत असतील तर किमान शटर १/५००. आयएसओ ८०० वर अडवून ठेवायचा, फोटो काळा काढायचा आणि मग एडिटिंगमध्ये उजळायचा, असला हट्ट करू नका. जेपेगमध्ये तर त्याने दाणे वाढतातच, शिवाय रंगही फाटतात.

आणि कबूल केलेली सूट ही: फ्लॅश, जोडून करायचं पॅनोरामा, रात्रीचं आकाश, किंवा काळ्या पडद्यापुढे एकाच झोतात उभा असलेला कलाकार. इथे मॅन्युअलच वापरा, कारण उजेड बदलत नसतो आणि मीटर मात्र दर फ्रेमला मत बदलतं.

कौशल्य वाढवायचं तर आधी स्वतःचे बिघडलेले फोटो वाचायला शिका. 'फोटो हलला' हे निदान नव्हे. १०० टक्के झूम करून बघा. सगळीच फ्रेम एकाच दिशेला फरफटली असेल तर हात हलला, शटर वाढवा किंवा कोपर अंगाला टेकवा. मागची भिंत स्वच्छ आणि नुसता माणूस पुसट असेल तर माणूस हलला. इथे स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही, ते फक्त तुमचा हात सांभाळतं. कान धारदार आणि डोळे मऊ असतील तर फोकस चुकला. एपीएस-सी वर ५० मिमी, एफ १.८, अंतर दीड मीटर, एवढ्यावर धारदार पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा असतो. चेहरा तिरका असला आणि फोकस एका डोळ्यावर असला तर दुसरा डोळा त्याबाहेर जाऊ शकतो. एक फोकस पॉइंट निवडा, जवळच्या डोळ्यावर ठेवा, हलत्या माणसासाठी सतत फोकसचा मोड लावा, आणि फोकस धरून मग फ्रेम सरकवण्याची सवय एवढ्या उघड्या अ‍ॅपर्चरवर सोडून द्या.

उजेडासाठी एक अंडं पुरतं. पांढऱ्या कागदावर ठेवा, खोलीतले दिवे बंद करा आणि एका खिडकीच्या उजेडात बाजूने, समोरून, मागून काढा. खिडकीच्या उलट बाजूला पांढरा पुठ्ठा धरा, मग काळा, आणि सावली किती भरते किंवा गडद होते ते बघा. मग अंडं खिडकीपासून आत आत सरकवत न्या. उजेड कमी तर होतोच, पण सावलीची कडही बदलते. अंड्याच्या जागी पुढे चेहरा येतो, बाकी काहीच बदलत नाही.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. वरचा हिशेब प्राइम विरुद्ध झूम असा आहे. तीच एफ १.८ फुल फ्रेमवर लावली तर सव्वा स्टॉप नक्की मिळतो, आणि पैसे घेऊन समारंभ करणाऱ्याला तो लागतो. त्याला दोन कार्डांची सोयही लागते, कारण एक कार्ड गेलं तर तो प्रसंग पुन्हा होत नाही. दुसरं, एफ १.८ ग्रुप फोटोला चालत नाही. ३५ मिमीने ३ मीटरवरून धारदार पट्टा सुमारे अर्धा मीटर, म्हणजे मागची रांग गेली. एफ ४ वर तो मीटरभरापेक्षा थोडा जास्त होतो, पण मग आयएसओ पुन्हा चढतो. त्यावर उपाय फ्लॅश. डोकं फिरणारा घ्या आणि पांढऱ्या छताकडे वळवा, समोर नाही. छत रंगीत असेल तर चेहरेही त्याच रंगाचे होतील.

तिसरं, काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. दिवे विजेच्या दुप्पट वेगाने लुकलुकत असतात. वीज ५० हर्ट्झ असेल तर शटर १/१०० किंवा १/५०, ६० असेल तर १/१२० किंवा १/६०. सायलेंट शटर चालू असेल तर आधी ते बंद करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच पट्टे जातात.