तुळशीच्या पानावर सापडलेल्या गुलाबी बॅक्टेरियाचं १६एस (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो जीन) माहीत असलेल्या प्रजातींशी ९८.४ टक्केच जुळतंय, ही नवी प्रजाती समजायची का?

लगेच पेढे वाटू नका, मी वाटून बसलोय. एमएस्सीला असताना जास्वंदीच्या पानावरून अशीच गुलाबी कॉलनी काढली होती, मॅच आला ९८.२, अख्ख्या लॅबला वडापाव खिलवला आणि मग सरांनी शांतपणे विचारलं, सिक्वेन्स किती लांबीचा आहे? साडेसहाशे बेस (डीएनएची अक्षरं), त्यातले शेवटचे शंभर म्हणजे नुसता कचरा. ते कापले, उलट्या बाजूने पण वाचलं, जवळपास १५०० बेसचा पूर्ण जीन जोडला तर ९९.७ टक्के, आपली ओळखीचीच मिथायलोबॅक्टेरियम निघाली.

तुमचाही बहुतेक हाच गोतावळा असेल. पानं वाढताना थोडं मिथेनॉल सोडतात, ही मंडळी त्यावर जगतात, पान मिथेनॉलवाल्या अगारवर दाबलं तर काही दिवसांनी पानाचाच गुलाबी ठसा उमटतो, एकदा करून बघाच. पण रंगावरून नाव ठरत नाही.

तर आधी पूर्ण १६एस घ्या आणि ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून बघायचं ऑनलाइन साधन) वर आलेल्या कुठल्याही ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’शी (प्लेटवर कधी न वाढवलेला) नाही तर टाइप स्ट्रेन्सशीच (प्रजातीचं नाव ज्यांच्यावरून ठरलं ते मूळ नमुने) ताडून बघा. तरीही ९८.७ च्या खाली राहिलं तर आशा आहे. वर गेलं तरी लगेच जुनी म्हणता येत नाही हं, कारण काही गटांत वेगवेगळ्या प्रजातींचं १६एस ९९ च्या वर जुळतं. खरा निकाल जीनोमवर, म्हणजे संपूर्ण डीएनएवर लागतो, जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेन्सशी एएनआय (दोन जीनोम सरासरी किती जुळतात तो आकडा) ९५-९६ टक्क्यांच्या खाली यायला हवा.

आणि झाडाला काय करतो यावरून प्रजाती ठरवायच्या फंदात पडू नका. डाळिंबावरचा तेल्या आणि लिंबावरचा खैऱ्या, शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळी संकटं, पण दोन्हीमागे झँथोमोनास सिट्रीच आहे, फक्त पॅथोव्हार (एकाच प्रजातीतले, वेगवेगळ्या झाडांना रोग करणारे प्रकार) वेगळे, एक प्युनिकी, दुसरा सिट्री.

पुढे पेशीतली फॅटी ॲसिड आणि क्विनोन ही रसायनं कोणती, किती तापमानाला वाढतो, किती मीठ सोसतो असल्या टेस्टचा ढीग, कंटाळवाणं पण करावंच लागतं. शिवाय नाव अधिकृत व्हायला जिवंत कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या कलेक्शनमध्ये (कल्चर जपून ठेवणाऱ्या संस्था) जमा करावं लागतं, आपल्याकडे पुण्यात एनसीएमआर आहे, दुसरं जर्मनीचं डीएसएमझेड किंवा जपानचं जेसीएम बघा. म्हणून तर वांग्याचं पर्णगुच्छ करणारा फायटोप्लाझ्मा (झाडाच्या आतच जगणारा बॅक्टेरिया) अजून नावापुढे ‘कँडिडाटस’, म्हणजे नुसता उमेदवार, लावून फिरतोय, तो प्लेटवर वाढवून जमा कोण करणार.

तुमचा निदान प्लेटवर वाढतोय, तेव्हा बाकी सगळं राहू द्या, आज पुन्हा स्ट्रीक करून (नव्या प्लेटवर रेघा ओढून) प्युअर आहे का बघा आणि ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये मिसळलेलं कल्चर) करून मायनस ८० अंशांच्या फ्रीजरला टाका. दोन ट्यूब करा, एक दुसऱ्या फ्रीजरमध्ये.