डिग्री एकीकडे, लायसन दुसरीकडे

प्रश्न : मॅडम, आम्ही धायरीला राहतो. मिस्टर भोसरीत एका कंपनीत सुपरवायझर आहेत. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्स आहे, 81 टक्के. तिला पायलट व्हायचंय. एका खासगी युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. एव्हिएशनची चौकशी केली. तीन वर्षं, वर्षाला साडेतीन लाख. तिथल्या काउन्सेलर म्हणाल्या, "हा पायलटचाच कोर्स आहे." माझा भाऊ अमेरिकेत असतो, त्याचा मुलगा नॉर्थ डकोटा युनिव्हर्सिटीत एव्हिएशन शिकतो. भाऊ म्हणतो, डिग्रीशिवाय एअरलाइनवाले दारात उभं करत नाहीत. मिस्टर म्हणतात, सासवडकडची दीड एकर विकू, पण काय ते एकदाच नक्की करू. सासूबाईंचं वेगळंच, मुलीच्या जातीला हे झेपणार आहे का? काय करावं? (एक आई, धायरी)

उत्तर : ताई, जमिनीला आज हात लावू नका. आधी काही हजारांत होणारं एक काम उरका, मग एकरांचं बोलू.

ते काम म्हणजे मेडिकल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे आमच्या बोलण्यातलं डीजीसीए, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे मुलीला क्लास टू मेडिकलला न्या. डोळे, कान, रक्त, ईसीजी आणि रंग ओळखता येतात का ते बघणाऱ्या रंगीत ठिपक्यांच्या पाट्या. ते झालं की क्लास वन, ते हवाई दलाच्या ठरावीक केंद्रांत किंवा मान्यता मिळालेल्या रुग्णालयांत होतं. क्लास वन नाही तर कमर्शियल लायसन नाही. मी पायलटच्या पेपरांचे क्लास घेते, तिथे एक मुलगा होता. पाचातले चार पेपर काढलेले, फ्लाइंग स्कूलला पहिला हप्ता भरलेला. मेडिकलला ठिपक्यांमधला 74 त्यानं 21 वाचला. कंदिलाच्या, म्हणजे रंगीत दिवे ओळखायच्या चाचणीतही बसला नाही. बावीस वर्षांत घरात कुणाला पत्ता नव्हता, सिग्नलला तो वरचा दिवा की खालचा यावरून चालवत होता. हुशार पोरगा. वाईट वाटतं अजून.

आता डिग्री. युनिव्हर्सिटी डिग्री देते, लायसन डीजीसीए देतं. ही दोन वेगळी दुकानं आहेत. कमर्शियल पायलट लायसनला काय लागतं ते ऐका : वय 18 पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास वन मेडिकल, नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि टेक्निकलचे दोन असे पेपर प्रत्येकी 70 टक्क्यांनी पास, रेडिओवर बोलण्याची परीक्षा, आणि 200 तास उड्डाण. त्यातले 100 तास विमान तिच्या एकटीच्या जबाबदारीवर. एक प्रवास किमान 300 नॉटिकल मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय रात्रीचं उड्डाण. या यादीत पदवी कुठेच नाही.

त्या काउन्सेलरबाईंना एकच विचारा. या साडेदहा लाखांत उड्डाणाचे तास किती, आणि ते डीजीसीएच्या कुठल्या मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलमध्ये? उत्तरात सिम्युलेटर लॅब, इंडस्ट्री व्हिजिट असले शब्द यायला लागले की चहा संपवून उठा. काही ठिकाणी फ्लाइंग स्कूलशी करार असतो, पण मग उड्डाणाचे पैसे फीच्या वर, वेगळे. कोर्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. विमानतळाचं कामकाज, कार्गो, ऑपरेशन्स यात जायचं असेल तर उपयोगाचा आहे. कोर्स बरा, पाटी चुकीची.

भाऊ खोटं बोलत नाही बरं का, तो तिकडचं सांगतोय. अमेरिकेत 2009 च्या फेब्रुवारीत बफेलो शहराजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं, 50 माणसं गेली. त्यानंतर नियम आला, 2013 पासून एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही 1500 तास हवेत. (गंमत अशी, की त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास 1500 च्या वरच होते. असो.) मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीची एव्हिएशनची चार वर्षांची पदवी असेल तर तिथं 1500 चे 1000 होतात. म्हणजे तुमच्या भाच्याची डिग्री त्याचे 500 तास वाचवते, आणि ते तास म्हणजे दोनेक वर्षं नवशिक्यांना विमान शिकवत फिरणं. आपल्याकडे 200 तासांचं लायसन, त्यावर एअरबस किंवा एटीआर या छोट्या प्रवासी विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच विमानाचं वेगळं प्रशिक्षण, आणि एअरलाइननं घेतलं की मुलगी को-पायलटच्या उजव्या सीटवर. 1500 तासांची अट आपल्याकडे पुढच्या, कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल लायसनला, आणि ते तास ती पगार घेत जमवते. इथं डिग्रीनं एकही तास कमी होत नाही.

तरीही मी म्हणते डिग्री करा. पुण्यातल्या कुठल्याही साध्या कॉलेजात बी.एस्सी. फिजिक्स, नाहीतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी. का, ते सांगते. मी एटीआर चालवत होते. सेहेचाळिसाव्या वर्षी आतल्या कानाचं दुखणं लागलं, चक्कर येऊन भिंत धरायची वेळ. मेडिकल गेलं, म्हणजे लायसन कपाटात. कंपनीनं ट्रेनिंग विभागात टेबलाचं काम दिलं, त्याला पदवीची अट होती. माझी बी.एस्सी. होती, वडिलांनी हट्टानं पुरी करायला लावलेली, तेव्हा मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. माझ्या आगेमागेच मेडिकल गेलेला एक सहकारी बारावीवर थांबलेला होता. माझ्याहून चांगला पायलट. त्याला ते टेबल मिळालं नाही.

पैशाचं आता. फ्लाइंग स्कूलमध्ये तासाला 15 हजारांच्या आसपास धरा, 200 तासांचे 30 लाख. त्याच्या वर राहणं, जेवण, पेपर, मल्टी-इंजिन (दोन इंजिनांचं विमान), इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता उपकरणांवर उडणं). माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडून सगळं धरून 50 लाखांखालचा आकडा मी अलीकडे ऐकलेला नाही. टाइप रेटिंगचे आणखी 15 च्या आसपास. एअरलाइन्सचे कॅडेट प्रोग्रॅम आहेत, त्यात निवड आधी आणि नोकरीची वाट आखलेली, पण आकडा कोटीच्या घरात. सरकारी म्हणाल तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, तिची प्रवेश परीक्षा असते. महाराष्ट्रात फ्लाइंग स्कूलं आहेत ती गोंदिया, नागपूर, धुळे, आणि आपल्या जिल्ह्यात बारामतीला. बँका साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात, तेव्हा जमीन विकण्याआधी गहाण ठेवण्याचा विचार करा. विकलेली परत येत नाही.

आणि रक्कम एकदम कधीच भरू नका. माझ्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंड काढून सगळी फी पहिल्याच दिवशी भरली होती. शाळेचं नाव घेत नाही. विमानं तीन सांगितली होती, एक कायम ताडपत्रीखाली, त्याला इंजिनच नव्हतं. दुसऱ्याचं इंजिन ओव्हरहॉलला गेलं ते आलंच नाही. राहिलं एक, आणि आम्ही बावीस जण. रोज पहाटे साडेपाचला मी पंखाखालचा नळ दाबून काचेच्या नळीत पेट्रोल काढायची. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचं. निळं, स्वच्छ, पाणी नाही, असं वहीत लिहायचं आणि दुपारी चारपर्यंत झाडाखाली पाळीची वाट बघायची. 14 महिन्यांत माझे 31 तास झाले.

म्हणून तुम्हाला सांगते, एका मंगळवारी दोघं बारामतीला जा. ब्रोशर घ्यायला नव्हे. सकाळी सातला विमानतळाच्या बाहेर चहाची टपरी गाठा आणि अकरापर्यंत बसून किती विमानं वर जातात ती बोटांवर मोजा. पांढऱ्या शर्टातली पोरं चहाला येतातच. त्यांना विचारा, "बाळा, गेल्या महिन्यात किती तास झाले?" पोरं खरं सांगतात, फार बरं वाटतं त्यांना कुणी विचारलं की. पावसाळ्यात कमी होतात, ते सोडून बोला. एका विमानामागे किती विद्यार्थी, शिकवणारे किती, शेवटची पाच मुलं किती महिन्यांत पुरी झाली, एवढंच ऑफिसात विचारायचं. 2025 पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलांची प्रतवारी जाहीर करतं, तीही बघा. नंतर फी हप्त्यानं, झालेल्या तासांवर.

या वर्षी मुलीनं काय करायचं, तर कॉलेज, मेडिकल, डीजीसीएच्या पेपरांना बसायला लागतो तो कॉम्प्युटर नंबर काढणं, आणि घरी बसून नेव्हिगेशन, हवामान, नियम. पुष्कळ मुलं दिल्लीत द्वारकेला खोली घेऊन क्लास लावतात, तेही चालेल, पण आधी पुस्तकं आणून बघा. तिला आज एक गणित घाला. विमान 60 नॉटिकल मैल गेलं आणि वाटेपासून 4 मैल डावीकडे सरकलं, तर नाक किती अंश चुकलंय? आमच्यात साठाला एकचा हिशेब असतो, 60 मैलांत एक मैल म्हणजे एक अंश. म्हणून 4. आता पुढचं विचारा : मुक्काम आणखी 60 मैलांवर आहे, तर उजवीकडे किती वळायचं? चार म्हणाली तर वाटेला समांतर जाईल आणि पोचणार नाही. आठ म्हणाली तर मला फोन करा. तीन पेपर निघेपर्यंत तुमचा लाखसुद्धा खर्च होत नाही, आणि नाहीच निघाले तर दीड एकर जागच्या जागी.

सासूबाईंना सांगा, 1985 साली कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी फक्त बायकांच्या क्रूनं कोलकात्याहून सिलचरला फॉकर विमान नेलं होतं. आज आपल्याकडे शंभरातले पंधराएक पायलट बायका आहेत, जगात एवढ्या फार कुठे नाहीत. तरी नाही पटलं तर सोडून द्या. माझ्या आजीलाही शेवटपर्यंत पटलं नव्हतं, पण डबा तीच भरून द्यायची.

प्रश्न : मी 24 वर्षांचा, बी.कॉम., चिंचवडला अकाउंट्समध्ये आहे. पगार 32 हजार. चष्मा आहे, बारावी कॉमर्स. रोज ऐकतो की पायलटांची टंचाई आहे. नोकरी सोडून या लायनीत पडू का?

उत्तर : सोडू नको. सध्याच्या नियमात फिजिक्स-मॅथ्स लागतं, ते एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दोन विषय देऊन करता येतं. नोकरी सांभाळून कर. चष्मा चालतो, चष्म्यानं नजर पूर्ण झाली पाहिजे, बाकी डॉक्टर ठरवतील. चोवीस हे काही वय झालं नाही.

टंचाईचं मात्र नीट समजून घे. 2023 मध्ये एअर इंडियानं 470 आणि इंडिगोनं 500 विमानांची ऑर्डर दिली, तेव्हापासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. विमानं काही एका दिवाळीत येत नाहीत, ती वर्षानुवर्षं येत राहतात. आणि टंचाई असते ती डाव्या सीटवरच्या अनुभवी कॅप्टनची. 200 तासांवाले रांगेत असतात. जेट 2019 ला बंद पडली, गो फर्स्ट 2023 ला. त्या वेळी माझ्या ओळखीतला एक को-पायलट वर्षभर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला, वर कर्जाचा हप्ता चालू. तू अकाउंट्सवाला आहेस. 60 लाख, साडेअकरा टक्के, बारा वर्षं, हप्ता किती येतो ते एक्सेलमध्ये काढ. त्याखाली पहिली दोन वर्षं उत्पन्न शून्य अशी एक ओळ घाल. तो कागद घरच्यांना दाखव आणि मग मला लिही.

प्रश्न : मॅडम, मी पंधरा वर्षांचा आहे, हडपसरला राहतो. आमच्या गच्चीतून कधी कधी ग्लायडर दिसायचं. मला आत्तापासून काय करता येईल?

उत्तर : अरे, तुझ्या गच्चीसमोर डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, आणि तू मला कागद पाठवतोस! आईबाबांना घेऊन जा आणि सध्या काय चालू आहे ते फाटकावर विचार. विद्यार्थी पायलट लायसनला 16 पूर्ण लागतात, म्हणजे चौकशीला आत्ताच योग्य वेळ. ग्लायडरला इंजिन नसतं. लांबवर एक विंच असते, ती तार गुंडाळते आणि ग्लायडर पतंगासारखं वर जातं. वर गेल्यावर तार सोडायची. मग हवा जेवढं उचलेल तेवढं, आणि उतरताना दुसरी संधी नाही. मी इंजिनवालं विमान शिकून मग ग्लायडरमध्ये बसले, आणि पायांनी रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, किती आळशासारखा वापरत होते ते पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

पहिल्या दिवशी तुला कुणी आत बसवणार नाही. ग्लायडर एकाच चाकावर उभं असतं, तार ताणली की कुणीतरी पंखाचं टोक धरून बरोबर पळावं लागतं. ते काम नव्या पोरांचं. चप्पल घालून जाऊ नकोस, बूट घाल.