‘खोल अभिसरण’ नव्हे, आणि ‘वळीव’ म्हणजे काय

ढगांच्या प्रतिमानांवर (संगणकी मॉडेलांवर) काम करणाऱ्या कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, ‘डीप कन्व्हेक्शन’ला, म्हणजे तापलेली हवा उसळून उंच गडगडाटी ढग बनण्याला, ‘खोल अभिसरण’ म्हणावे काय. म्हणू नये. विहीर खोल असते, ढग उंच असतो; तळ जमिनीपासून किलोमीटरभरावर आणि माथा पंधरा-सोळा किलोमीटरांवर असलेल्या गडगडाटी ढगाला व्याख्यानांतून वारंवार ‘खोल’ म्हटलेले ऐकले की मन विटते. ‘अभिसरण’ तर रक्ताचेही होते. ‘उत्तुंग संवहन’ लिहावे.

मात्र या घटनेच्या फळाला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: वळीव. माझे एक व्यासंगी स्नेही त्याचा अर्थ ‘माघारी वळणारा पाऊस’ असा लावतात, आणि तो मला मुळीच मान्य नाही. माघारीचा तो परतीचा पाऊस, आणि तो पावसाळ्याच्या शेवटी येतो. वळीव मृगाच्या आधी, चैत्र-वैशाखात येतो. (तो त्याच्या काळीच येतो, म्हणून त्याला ‘अवकाळी’ म्हणणेही चूक.) कोरणेपासून कोरीव, रेखणेपासून रेखीव, तसा वळणेपासून वळीव, म्हणजे वळलेला, आणि हे वळणे लाडू वळण्यातले आहे, असे माझे ठाम मत आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमारास दुपारी पन्हाळ्याच्या अंगाला पाहावे: तापलेल्या जमिनीवरची हवा उसळते, तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होताना किलोमागे सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता सुटते, त्या बळावर ढग आणखी वर चढतो आणि पांढरा गोळा डोळ्यांदेखत वळला जातो. पुढे सरीबरोबर खाली आलेली गार हवा जमिनीलगत पसरते, शेजारची उबदार हवा उचलते आणि दुसरा ढग वळते. गगनबावड्याचा आषाढातला पाऊस असा जागच्या जागी घडत नाही. समुद्रावरून आलेले बाष्प घाट चढताना तो पडतो, म्हणून त्याला कोणी वळीव म्हणत नाही.

प्रतिमानांतही ढग तेथेच घडतो की नाही, असा भेद आहे. प्रतिमान वातावरणाची जाळीसारख्या चौकोनांत विभागणी करते; हा चौकोन पन्नास-शंभर किलोमीटरांचा असेल, तर काही किलोमीटर रुंदीचा ढग त्यात दिसतच नाही आणि त्याचा एकत्रित परिणाम सूत्रांनी अंदाजावा लागतो. अराकावा आणि शुबर्ट या हवामानशास्त्रज्ञांची 1974 ची मांडणी याच जातीची आहे. चौकोन एक-दोन किलोमीटरांवर आणला की प्रतिमान स्वतःच ढग घडवू लागते, आणि तेथे ‘ढग वळणे’ हे क्रियापद त्या विद्यार्थिनीने निःसंकोच वापरावे.