वाचकांचे प्रश्न : तीन सर्व्हर आणि एक चित्र

प्रश्न : आमच्या एलईडी भिंतीची रुंदी १५ मीटर आणि उंची ५ मीटर असून तिच्यावरचे चित्र तीन मीडिया सर्व्हर (व्हिडिओ चालवणारे संगणक) मिळून दाखवतात. रंगीत तालमीच्या दिवशी एका क्लिपचे रंग सुधारून आले. ती सगळीकडे चढवली गेली आहे, अशा समजुतीत आम्ही होतो. प्रत्यक्षात भिंतीचे दोन्ही कडेचे भाग नव्या रंगात आणि मधला भाग जुन्याच रंगात दिसला. तिन्ही सर्व्हरवर फाईलींची नावे सारखीच असल्याने कोणती फाईल जुनी आणि कोणती नवी, हे शोधण्यात पाऊण तास गेला. एवढ्या फाईलींची व्यवस्था कशी लावावी? शिवाय प्रत्येक सर्व्हरवर केवळ त्याच्या वाट्याचाच भाग ठेवावा, की सगळे ठेवावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच दुखण्याचे मूळ आले आहे. तिन्ही सर्व्हरवर फाईलींची नावे सारखी ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आढळते, कारण त्यामुळे प्रोजेक्ट एकदाच बांधून तिन्हीकडे तसाच उतरवता येतो. मात्र नाव एक आणि आतले चित्र वेगळे असे झाले की चुकीची फाईल चुकीच्या सर्व्हरवर गेली तरी कोणालाही कळत नाही. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही आणि ऑपरेटरला नाव बरोबरच दिसते. म्हणून फाईलच्या नावातच ती भिंतीच्या कोणत्या भागासाठी आहे आणि तिची आवृत्ती कोणती, हे असलेच पाहिजे. उदाहरणार्थ ‘०२-०१५-समुद्र-ब-५०-आ००७’ या नावातून दुसरा प्रवेश, पंधरावा क्यू (ठरल्या क्षणी चित्र सुरू करण्याची खूण), समुद्राची क्लिप, भिंतीचा मधला म्हणजे ‘ब’ भाग, सेकंदाला ५० फ्रेम आणि सातवी आवृत्ती, इतके सारे फाईल न उघडता कळते. प्रत्यक्षातली नावे मात्र रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहावीत, कारण देवनागरी नावांवर काही साधने अडखळतात. आकड्यांपूर्वी शून्ये द्यावीत, नाहीतर अनेक साधनांच्या यादीत १० हा आकडा २ च्या आधी येऊन बसतो. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ आणि ‘हीच फायनल’ अशा तीन फाईली शेजारी शेजारी पाहिलेल्या माणसाला आवृत्तीच्या क्रमांकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

आता आकारमानाचा हिशेब करू, कारण व्यवस्थेचे पुढचे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. तुमच्या भिंतीत ५०० मिलिमीटर बाजूची आणि १९२ गुणिले १९२ पिक्सेलची पॅनेले आहेत असे धरले, तर आडवी ३० आणि उभी १० पॅनेले मिळून ५७६० गुणिले १९२० पिक्सेलचे चित्र होते. त्याचे तीन समान भाग केले की प्रत्येक सर्व्हरच्या वाट्याला १९२० गुणिले १९२० पिक्सेल येतात आणि प्रत्येक सांधा नेमका पॅनेलच्या कडेवर पडतो. ‘हॅप क्यू’ या कोडेकमध्ये (व्हिडिओ संकोचून साठवण्याच्या पद्धतीत) एका पिक्सेलला साधारण एक बाइट लागतो. म्हणजे सेकंदाला ५० फ्रेमच्या वेगाने एका सर्व्हरला दर सेकंदाला सुमारे १८४ मेगाबाइट वाचावे लागतात, आणि दहा मिनिटांची एका भागाची फाईल ११० गिगाबाइटच्या घरात जाते. कोडेकच्या आतल्या पुढच्या संकोचनाने यात थोडी घट होते, पण तिच्यावर विसंबू नये. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट जाऊ शकतात आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी जातात. त्यामुळे मध्यवर्ती साठ्यावरून थेट चित्र दाखवण्याचा विचार मनातून काढून टाकावा आणि प्रत्येक सर्व्हरने आपल्याच वेगवान एसएसडीवरून वाचावे. त्याच नेटवर्कवरून अशी एक फाईल चढवायला सतराएक मिनिटे लागतात, तेव्हा तालमीच्या वेळापत्रकात या वेळेची तरतूद आधीच करून ठेवावी.

मूळ फाईली एकाच साठ्यात राहाव्यात आणि सर्व्हरवर केवळ त्यांच्या प्रती असाव्यात. सर्व्हरवर बसून कोणीही नाव बदलू नये, फाईल पुसू नये किंवा पेन ड्राइव्हवरून परस्पर काही टाकू नये. घाईच्या वेळी तर मुळीच नाही. साठ्यात नवी आवृत्ती आली की तिचे तिन्ही भाग एकत्र आल्याशिवाय एकही भाग चढवायचा नाही, हा नियम पाळला असता तर तुमचा पाऊण तास वाचला असता. प्रत चढल्यावर चेकसम, म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवून पाहावा. तारीख आणि आकार जुळले म्हणजे फाईल तीच आहे असे नव्हे, कारण नकल करताना तारीख बदलू शकते आणि अर्धवट चढलेल्या फाईलचा आकारही काही वेळा पूर्ण दिसतो. नकल करणारे साधन ‘मिरर’ पद्धतीने चालवत असाल, तर मूळ कोणते आणि प्रत कोणती याची दिशा दोनदा तपासावी. मूळ साठ्यात नसलेल्या फाईली हे साधन प्रतीतून पुसते. दिशा उलटी झाली तर पुसला जातो तो तुमचा मूळ साठा.

तुमच्या दुसऱ्या शंकेबाबत माझे मत स्पष्ट आहे. डिस्कवर जागा असेल तर प्रत्येक सर्व्हरवर तिन्ही भाग ठेवावेत आणि फोल्डरांची रचना सर्वत्र तंतोतंत एकसारखी असावी. दहा मिनिटांना तिप्पट म्हणजे सुमारे ३३० गिगाबाइट जागा जाईल हे खरे, पण चौथा राखीव सर्व्हर असला तर तो कोणाच्याही जागी काही क्षणांत उभा राहू शकतो. फोल्डर प्रवेशांनुसार करावेत, सर्व्हरनुसार करू नयेत.

क्यू प्रकाशयोजनेच्या कन्सोलवरून डीएमएक्सने (रंगमंचावरच्या दिव्यांना आज्ञा देण्याच्या संकेतपद्धतीने) सुटत असतील, तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. डीएमएक्सच्या एका चॅनेलला ० ते २५५ एवढ्याच किमती असतात आणि पुष्कळ सर्व्हर एका चॅनेलने फोल्डर व दुसऱ्याने फाईल निवडतात. फोल्डरच्या मध्येच नवी फाईल घुसवली आणि पुढचे क्रमांक सरकले, की क्यू तोच राहून चित्र भलतेच येते. नवी क्लिप नेहमी शेवटच्या क्रमांकावर ठेवावी आणि रद्द झालेल्या क्लिपच्या जागी काळी फ्रेम सोडावी.

प्रश्न : फाईली अचूक असूनही आडवी सरकणारी आकृती सांध्यावर तुटल्यासारखी दिसते. कोडेक बदलावा का?

उत्तर : आधी कोडेकला दोष देऊ नये. सेकंदाला ५० फ्रेम असताना एक फ्रेम २० मिलिसेकंद टिकते, आणि शेजारचा सर्व्हर एवढा जरी मागे असला तरी वेगवान आकृतीचा सांधा उघडा पडतो. नेटवर्कवरून एकाच वेळी दिलेली ‘सुरू’ची आज्ञा त्यासाठी पुरेशी नसते, ग्राफिक्स कार्डांची आउटपुटे जेनलॉकने, म्हणजे सगळ्यांच्या फ्रेम एकाच ठोक्यावर बदलायला लावणाऱ्या जोडणीने, एका संदर्भ-संकेताला बांधावी लागतात. चाचणीसाठी डावीकडून उजवीकडे सरकणारी एक उभी रेषा आणि प्रत्येक भागाच्या कोपऱ्यात फ्रेमचा क्रमांक, अशी क्लिप करून ठेवावी व कॅमेऱ्याचा शटर जलद ठेवून भिंतीची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक छायाचित्रात क्रमांकांतला फरक सारखाच आला, तर चूक क्यूच्या सुरुवातीच्या वेळेत आहे. फरक कमी-जास्त होत असेल, तर जेनलॉकची तार कुठे निसटली आहे ते पाहावे.