जिवाणूंचा बचाव

प्रश्न : जिवाणूंनाही विषाणू लागतात म्हणे. मग ते स्वतःला वाचवतात कसे?

उत्तर : पेट्री डिशमध्ये जिवाणूंचा दाट थर वाढवून मी त्यावर फाज, म्हणजे जिवाणूंना लागणारे विषाणू, सोडते, तेव्हा त्यात गोल, स्वच्छ भोकं पडतात. पण दोन दिवसांनी एखाद्या भोकाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उगवतो. ते वाचलेले जिवाणू! बऱ्याचदा त्यांनी विषाणू चिकटण्याची जागाच बदललेली असते. काही ई. कोलाय जिवाणूंकडे तर कात्रीच असते, म्हणजे डीएनए कापणारं प्रथिन. विषाणूच्या डीएनएमध्ये जीएएटीटीसी ही रासायनिक अक्षरं ओळीनं दिसली की ही कात्री तो कापते. स्वतःच्या डीएनएवर मात्र मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूण असते, म्हणून तो कापला जात नाही. क्रिस्पर ही जिवाणूंची आणखी एक बचावयंत्रणा. ती विषाणूच्या डीएनएचा तुकडा ओळख म्हणून जपून ठेवते, पुढच्या पिढ्यांनाही देते. २००७ मध्ये दह्याच्या जिवाणूंत हे दिसलं. आणि काही पेशी लागण होताच स्वतः मरतात, म्हणून शेजारच्या वाचतात. हे मला आजही चटका लावून जातं.