'अन्' लावायचं की 'इन्'?

प्रश्न : आठवीतला मुलगा 'अनपॉसिबल', 'इनहॅपी' असं लिहितो. नकारासाठी इंग्रजीत अन्, इन्, इम्, इल्, इर् इतके उपसर्ग कशाला? कुठे कोणता, हे कसं ठरवायचं?

उत्तर : दिसायला पाच असले तरी मुळात ते दोनच आहेत. 'अन्' हा इंग्रजीचा घरचा, जर्मॅनिक कुळातला. 'इन्' लॅटिनमधून आलेला. इम्, इल्, इर् ही 'इन्'चीच रूपं. पुढे प, ब, म आला की न-चा म होतो (इम्पॉसिबल, इम्बॅलन्स), ल आला की ल (इल्लीगल), र आला की र (इर्रेग्युलर). 'उत् + लेख = उल्लेख' ज्याने गिरवलंय त्याला यात नवल वाटू नये. 'अन्' मात्र कशाहीपुढे बदलत नाही : अनपॉप्युलर, अनलॉफुल, अनरिलायबल. म्हणून 'प दिसला की इम्' हे मुलाला शिकवू नका. आधी अन् की इन् हे ठरतं, रूप त्यानंतर.

ते ठरवायला पक्का नियम नाही, पण खुणा आहेत. हॅपी, काइंड, फेअर असे साधे, घरगुती शब्द 'अन्' घेतात. शेवटी ईडी, आयएनजी किंवा 'फुल' असेल तरी बहुधा 'अन्'च, मग मूळ शब्द लॅटिन का असेना. त्यामुळे 'इन्कम्प्लीट', पण 'अनकम्प्लीटेड'. खरी गंमत विशेषणाचं नाम करताना होते : अनेबल पण इनॅबिलिटी, अनइक्वल पण इनइक्वॅलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस, अनस्टेबल पण इनस्टॅबिलिटी. मुलं इथेच हमखास चुकतात, कारण विशेषणाचाच उपसर्ग नामाला चिकटवतात. बरं, 'अनपॉप्युलॅरिटी' ही वाट सोडतंच. अशा जोड्या शब्दकोशात बघून वहीत शेजारीशेजारी लिहाव्यात.

जाता जाता : संस्कृतातला अ/अन् (अन्याय, अनुचित) आणि ग्रीकमधला अ/अन् याच कुळातले. स्वरापुढे न येतो, ही खोडही दोघांची सारखीच. डॉक्टरांचा 'ॲनिमिया' त्यातलाच.

प्रश्न : टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहितात. म्हणजे पेट न घेणारं?

उत्तर : उलट, चटकन पेट घेणारं! हा 'इन्' नकाराचा नाही. 'पेटवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातला 'आत'वाचक 'इन्' आहे. हाच घोटाळा जिवावर बेतू नये म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच. पेट न घेणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात.

प्रश्न : 'डिसअपिअर'मध्ये एस एक की दोन?

उत्तर : एक. उपसर्ग झाकून उरलेला शब्द वाचा. 'अपिअर' ए-ने सुरू होतो, म्हणून एस एकच. 'सॅटिस्फाइड' एस-ने सुरू होतो, म्हणून 'डिससॅटिस्फाइड'मध्ये दोन. 'अननेसेसरी'त दोन एन आणि 'मिसस्पेल'मध्ये दोन एस याच हिशेबाने येतात.