फाइल बाजूला सरकव

अनेक आशीर्वाद.

परवा दादरला चहा गार होईपर्यंत तू पगाराचंच बोलत होतीस. गुंतवणूक फंडातली नोकरी आणि बोनस सोडून दिल्लीतलं तीन वर्षांचं सरकारी कंत्राट घ्यावं का? घे. पैसे कमी मिळतील, मिळू देत. मी अडकलो ते तुझ्या एका वाक्यावर: "काका, फंडातला माझा हिस्सा राहू दे ना तसाच." तिथेच माझं डोकं फिरलं.

राहू दे म्हणजे काय? विकता येत असेल तर रुजू व्हायच्या आधी विक. येत नसेल तर पहिल्याच दिवशी लेखी कळव, आणि फंडाचे पैसे ज्यांत आहेत त्या कंपन्यांची फाइल आली की बाजूला सरकव. चर्चेलाही बसू नकोस.

चंद्रशेखर भावे आठव. आयएएस, मग शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी; 1996 मध्ये नोकरी सोडून एनएसडीएल, म्हणजे लोकांचे शेअर डीमॅटमध्ये सांभाळणारी संस्था, उभी केली आणि 2008 मध्ये सेबीचे अध्यक्ष होऊन परतले. तेव्हा आयपीओ, म्हणजे कंपन्यांच्या पहिल्या शेअरविक्रीच्या, घोटाळ्यातलं एनएसडीएलचंच प्रकरण सेबीपुढे होतं. ते त्यापासून दूर राहिले, प्रकरण वेगळ्या समितीकडे गेलं. तरी शंका घेणारे थांबले नाहीत. बाजूला होऊनही ही गत, मग न होणाऱ्याचं काय होईल? पुढच्याच वर्षी त्यांच्या सेबीनं म्युच्युअल फंडांचा एंट्री लोड, म्हणजे पैसे गुंतवतानाच कापलं जाणारं शुल्क, बंद केला. वितरक भयंकर चिडले होते, मीही तेव्हा चिडलो होतो. असो.

आता माझं. सरकारात होतो तेव्हा जुन्या कंपनीचे चारशे शेअर माझ्या डीमॅटमध्ये होते. विसरलो होतो, असं मी सगळ्यांना सांगतो. विसरलो नव्हतो. त्या कंपनीच्या सवलतीची फाइल आली आणि मी हिरव्या शाईनं 'मान्य' लिहिलं. निर्णय बरोबर होता, आजही तोच घेईन. शेअर तर नंतर पडलेच, मला दमडी मिळाली नाही. पण वर्षअखेरीच्या मालमत्ता विवरणपत्रात मीच लिहिलेल्या त्या ओळीपुढे सेक्शन ऑफिसरनं पेन्सिलीनं एक बारीक टिंब केलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. बोलला काही नाही. त्यानंतर माझ्या खोलीत तो कधी बसला नाही, उभ्यानंच सह्या घेऊन जायचा.

बरोबर निर्णय होता, पुन्हा सांगतो. पण तो माझ्या सहीनं व्हायला नको होता. तेवढी एक फाइल सरकवायची होती गं.

शनिवारी ये. डीमॅटचं स्टेटमेंट आणि फंडाच्या कराराची प्रत आण, पेन्सिल मी आणतो. पगाराचं मग बोलू.

तुझा,
काका